एफवायला भूगोल घेतलाय? पहिल्या सत्रात गुण कसे मिळतात ते आधी समजून घ्या

बारावीपर्यंत आपल्याकडची बहुतेक मुलं एकाच पद्धतीनं शिकलेली असतात. वर्षभर जमेल तसं वाचायचं, जानेवारी-फेब्रुवारीत नेट लावायचा आणि एका मोठ्या परीक्षेत सगळा हिशोब चुकता करायचा. कॉलेजात भूगोल घेतल्यावर ही सवय नडते. सत्रांत परीक्षेचं वेळापत्रक लागतं तेव्हा तुमच्या गुणांतला मोठा हिस्सा आधीच ठरून गेलेला असतो. तो ठरतो चाचण्या, स्वाध्याय, जर्नल, क्षेत्रभेट आणि प्रात्यक्षिकं यांत, दर आठवड्याला थोडा थोडा. हे पहिल्या पंधरा दिवसांत कुणी सांगत नाही आणि चांगली अभ्यासू मुलंही मागे राहतात. शिंदखेड्याहून, धडगावहून, बोदवडहून रोज एसटीनं येणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण सूचनाफलकावरचा कागद त्यांच्या नजरेस पडेपर्यंत तारीख उलटून गेलेली असते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या कॉलेजांत यंदा भूगोल घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बारावी सायन्स किंवा कॉमर्स करून आलेल्यांनीही घाबरू नये. दहावीपर्यंतचा भूगोल आठवत असेल तर सुरुवातीला तेवढा पुरतो.

पायरी १: अभ्यासक्रमाची प्रत स्वतःकडे ठेवा

आपल्या तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम पीडीएफ स्वरूपात मिळतो. तो उतरवून घ्या, जमल्यास छापून वहीच्या पहिल्या पानाला लावा.

अभ्यासक्रम कोणत्या शैक्षणिक वर्षापासून लागू आहे, हे सर्वांत आधी पाहा. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना २०२४-२५ पासून सुरू झाली. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या जुन्या नोट्स आणि प्रश्नसंच त्याआधीचे असू शकतात. प्रकरणांची नावं तीच दिसतात, पण गुणांची विभागणी आणि प्रश्नांचं स्वरूप बदललेलं असतं. त्यानंतर विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) किती, कोणत्या घटकाला किती तास, अंतर्गत आणि बाह्य गुण किती आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, हे पाहा. शेवटचा मुद्दा समजला नाही तर थेट सरांना किंवा मॅडमना विचारा. लेखी परीक्षेत भरपूर गुण पडूनही अंतर्गतमध्ये कमी पडल्यामुळे विषय राहू शकतो, म्हणून हे जूनमध्येच माहीत हवं.

याच आठवड्यात आणखी एक काम उरकून टाका. श्रेयांक जमा होण्यासाठी अपार म्हणजेच एबीसी क्रमांक, म्हणजे तुमच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, लागतो. त्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या प्रवेशअर्जातलं नाव एकसारखं आहे का ते बघा. वडिलांच्या नावातला एखादा अक्षरबदल पुढे गुणपत्रिकेपर्यंत त्रास देतो.

पायरी २: श्रेयांक आणि श्रेणी यांचा हिशोब

लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तासांचं अध्यापन. प्रात्यक्षिकात एका श्रेयांकासाठी ३० तास काम करावं लागतं. म्हणजे दोन श्रेयांकांचं प्रात्यक्षिक ६० तासांचं असतं. ‘दोनच तर श्रेयांक आहेत’ असं म्हणून प्रात्यक्षिकाला दांडी मारणारा चार श्रेयांकांच्या लेखी विषयाइतका वेळ वाया घालवत असतो. सगळे विषय धरून एका सत्राचे साधारण २२ श्रेयांक होतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांकांच्या पद्धतीत ‘ओ’ श्रेणीला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि ‘पी’ला ४ गुणांक आहेत. ‘एफ’ला शून्य आणि गैरहजर असलात तरी शून्यच. प्रत्येक विषयाचा गुणांक त्याच्या श्रेयांकानं गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागायचं. आलेला आकडा म्हणजे तुमचा एसजीपीए, त्या सत्राचा सरासरी गुणांक.

सोपं व्हावं म्हणून तीनच विषय घेऊन गणित करू. भूगोल लेखी ४ श्रेयांक, श्रेणी ‘बी प्लस’: ४ गुणिले ७, म्हणजे २८. दुसरा एखादा लेखी विषय ४ श्रेयांक, श्रेणी ‘बी’: २४. भूगोल प्रात्यक्षिक २ श्रेयांक, श्रेणी ‘ओ’: २०. बेरीज ७२, भागिले १०, म्हणजे ७.२. आता प्रात्यक्षिकात ‘ओ’ऐवजी ‘सी’ पडली असं समजा. २० च्या जागी १० येतात, बेरीज ६२ होते आणि एसजीपीए ६.२ वर उतरतो. दोन श्रेयांकांच्या विषयानं एक पूर्ण अंक खाली आणला. आणि नियमित काम करणाऱ्याला वरची श्रेणी मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता प्रात्यक्षिकातच असते.

पायरी ३: प्रात्यक्षिक आणि जर्नल

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण भूगोल हा हातानं करायचा विषय आहे.

साहित्य पहिल्याच आठवड्यात घ्या: जर्नल, एचबी आणि टूएच पेन्सिल, कंपासपेटी, आलेख कागद, ट्रेसिंग पेपर, रंगीत पेन्सिली आणि एक बारीक दोरा. नकाशावर नदीची किंवा वळणावळणाच्या रस्त्याची लांबी मोजायला दोऱ्याइतकं स्वस्त साधन नाही. दोरा नदीवर ठेवत न्यायचा, मग पट्टीवर मोजायचा. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तो १४ सेंटीमीटर भरला तर जमिनीवरचं अंतर ७ किलोमीटर, कारण १ सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर.

पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात साधारणपणे नकाशाप्रमाण, स्थलनिर्देशक नकाशाचं वाचन, समोच्च रेषांवरून (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) भूरूपं ओळखणं, छेद काढणं (जमिनीचा चढउतार बाजूनं दाखवणारी आकृती), आलेख, हवामानाची उपकरणं अशा गोष्टी येतात. टॉपोशीट, म्हणजे स्थलनिर्देशक नकाशाचं पत्रक, पहिल्यांदा समोर आली की गोंधळायला होतं. म्हणून आपल्या ओळखीच्या भागापासून सुरुवात करा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत खान्देशाचा बहुतेक भाग ४६ क्रमांकाच्या पत्रकात येतो. आकडा चार अंशांच्या चौकोनाचा, पुढचं इंग्रजी अक्षर त्यातल्या एका अंशाच्या चौकोनाचं. नंदुरबार ४६ के मध्ये, धुळे ४६ एल मध्ये, भुसावळ ४६ ओ मध्ये. पूर्वेला ७६ अंश रेखावृत्त ओलांडलं की क्रमांक बदलतो, म्हणून रावेर ५५ सी मध्ये सापडतं. जळगाव शहर २१ अंश अक्षवृत्ताला अगदी खेटून असल्यामुळे ते ४६ ओ आणि ४६ पी यांच्या सीमेवर आहे. आपलं गाव कोणत्या पत्रकात येतं, हे अक्षांश-रेखांशांवरून स्वतः शोधून काढा. एवढं जमलं की क्रमांकपद्धतीवरचा तोंडी परीक्षेतला प्रश्न तुम्हाला कधी अडवणार नाही.

नकाशावरचे रंग पाठ करण्यापेक्षा वापरून लक्षात ठेवा. पाणी निळं, वनस्पती हिरवी, लागवडीखालची जमीन पिवळी, वस्ती आणि रस्ते लाल, समोच्च रेषा तपकिरी. कोरडे ओढे काळ्या रेषेनं दाखवतात, आणि आपल्या भागाच्या पत्रकावर त्या काळ्या रेषा किती आहेत ते पाहिलं की इथल्या पावसाबद्दल बरंच काही कळतं. १:५०,००० च्या पत्रकावर दोन समोच्च रेषांमधलं उंचीचं अंतर बहुधा २० मीटर असतं. रेषा दाटीवाटीनं आल्या तर तीव्र उतार, विरळ असतील तर मंद. सातपुड्याचा पायथा आणि तापीचं मैदान एकाच पत्रकावर असलं तर हा फरक बोट फिरवूनच समजतो.

जाळी संदर्भ (नकाशावरच्या चौकटींच्या आकड्यांवरून ठिकाणाचं स्थान) लिहिताना आधी पूर्वेकडचा आकडा, मग उत्तरेकडचा. हा क्रम उलटा झाला तर उत्तर चूक धरतात, बाकी सगळं बरोबर असलं तरी. छेद काढताना आडवं आणि उभं प्रमाण दोन्ही लिहा. आडवं १ सेंटीमीटरला ५०० मीटर आणि उभं १ सेंटीमीटरला १०० मीटर असेल, तर उंची पाचपट वाढवून दाखवली आहे, असं स्पष्ट नमूद करा.

स्थानिक वेळेची गणितंही इथलीच करून बघा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. जळगाव साधारण ७५.५ अंशांवर. फरक ७ अंश, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे जळगावची स्थानिक वेळ २८ मिनिटं मागे. घड्याळात बारा वाजले तरी आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला जवळपास अर्धा तास का लागतो, ते यातून कळतं.

जर्नलचा नियम एकच: प्रात्यक्षिक झालं की त्याच आठवड्यात पूर्ण करून सही घ्यायची. प्रत्येक पानावर शीर्षक, प्रमाण, सूची, उत्तर दिशा आणि तारीख हवी. प्रमाणित जर्नलशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या जर्नलवरून उतरवलेल्या आकृत्या परीक्षकाला पहिल्या तीन पानांतच ओळखू येतात, कारण मूळ जर्नलमधली चूकही जशीच्या तशी आलेली असते.

तोंडी परीक्षेची धास्ती घेऊ नका. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीत पटकन बोलता येत नाही म्हणून ती गप्प बसतात. परीक्षकाला तुमची भाषा तपासायची नसते. नकाशावर बोट ठेवून ‘सर, इथं उतार जास्त आहे, रेषा जवळ आल्यात’ एवढं सांगितलंत तरी ते उत्तर आहे.

पायरी ४: हजेरी, चाचण्या, स्वाध्याय

हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्के असते. आपल्याकडे पहिलं सत्र आणि कापसाची वेचणी एकमेकांत अडकतात. ऑक्टोबरपासून घरी हात कमी पडतात, तिकडे अंतर्गत चाचण्या सुरू होतात आणि मग दिवाळी येते. अक्कलकुवा-धडगावच्या मुलांना त्यात अस्तंब्याची यात्रा असते, दुसऱ्या सत्रात काठीची होळी. शेतीचं काम आणि सण यांना कमी लेखण्याचं काहीच कारण नाही, पण नियोजन आधी करावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये एकही तास बुडवू नका म्हणजे ऑक्टोबरात थोडी मोकळीक राहते. जाणार असाल तर आधी अर्ज द्या. परत आल्यावर दिलेल्या कारणापेक्षा आधी दिलेल्या अर्जाची दखल शिक्षक जास्त घेतात.

अंतर्गत चाचणी चुकली तर ती पुन्हा होईलच असं नाही. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला लगेच द्या. स्वाध्याय वेळेवर द्या. उशिरा दिल्यास गुण कमी होतात का, की स्वीकारतच नाहीत, हे विभागाकडून आधी विचारून घ्या, कारण प्रत्येक कॉलेजात पद्धत वेगळी असते. स्वाध्याय मोबाइलवरून उतरवून काढू नका. एकाच संकेतस्थळावरचा मजकूर एकाच वर्गातल्या दहा वह्यांत दिसतो तेव्हा दहाही जणांचे गुण जातात, आणि त्यातल्या ज्यानं समजून लिहिलं होतं त्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं दीड पान त्यापेक्षा चांगलं.

पायरी ५: क्षेत्रभेट

हिला सहल समजू नका. अहवालाला गुण असतात, आणि हा अहवाल खान्देशातल्या मुलांनी फार सुंदर लिहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्या दारात काय नाही? चांगदेवला तापी आणि पूर्णेचा संगम आहे. अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. तोरणमाळचं पठार, हतनूरचं धरण, नंदुरबारचा मिरचीचा बाजार, रावेर-यावलच्या केळीच्या बागा आहेत. धुळे-नंदुरबारच्या माळावर मैलोन्‌मैल सरळ रेषेत गेलेल्या अरुंद काळ्या टेकड्या दिसतात. बसाल्टच्या भेगांत शिलारस घुसून थंड झाला, त्याच्या या भित्ती आहेत. भोवतालचा खडक झिजला आणि त्या उभ्या राहिल्या. भूगर्भशास्त्राचे अभ्यासक त्या बघायला दुरून येतात.

भेटीला वही न्या. ठिकाण, तारीख, वेळ, हवामान आधी लिहा. मग खडक, माती, उतार, पाणी, वनस्पती, पीक, वस्ती या क्रमानं दिसेल ते लिहा. एक तरी रेखाचित्र जागेवर काढा. फोटो काढले तरी रेखाचित्र हवंच, कारण काढताना तुम्ही जास्त बारकाईनं बघता. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला प्रश्न विचारायचे असतील तर ते आधी लिहून न्या, आणि कुणाचा फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. धरणाच्या, नदीच्या पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात तर अजिबात नाही.

अहवालात ‘आम्ही सकाळी सात वाजता निघालो, वाटेत नाश्ता केला’ याला गुण नाहीत. उद्देश, ठिकाणाचं स्थान नकाशासह, निरीक्षणं, कारणं आणि निष्कर्ष, एवढंच. कारणांचा भाग सर्वांत मोठा असू द्या.

पायरी ६: लेखी उत्तर

सत्रांत परीक्षेत उत्तर तपासणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: नेमकी व्याख्या, नावं दिलेली स्वच्छ आकृती आणि उदाहरण. व्याख्या सगळे लिहितात. आकृती अर्धे काढतात. स्वतःचं, नेमकं उदाहरण फार थोडे देतात, आणि तिथंच तुमचं उत्तर वेगळं ठरतं.

‘नदीचे कार्य’ हा प्रश्न घ्या. पुस्तकात परदेशी नद्यांची उदाहरणं असतील, ती लिहा. पण मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळणारी तापी तुमची आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्यांच्या अरुंद, ‘व्ही’ आकाराच्या दऱ्या खननाचं उदाहरण म्हणून द्या. भुसावळ-यावल भागातला गाळाचा जाड थर संचयनाचं उदाहरण. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, तापी पश्चिमेला का, असा प्रश्न आला तर प्रस्तरभंग (खडकाला तडा जाऊन तो सरकणं) आणि खचदरीचा (दोन तड्यांमधला भाग खचून झालेली दरी) मुद्दा इथंच येतो.

विदारणावर (खडक जागच्या जागी फुटणं, कुजणं) लिहायचं असेल तर विहीर खोदताना निघणारा बसाल्ट आठवा. खडकाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत जाऊन आत गोल गाभा उरतो, तो तुम्ही पाहिलेला आहे. त्याची आकृती काढा.

मानवी किंवा आर्थिक भूगोलात ‘पिकांच्या वितरणावर परिणाम करणारे घटक’ विचारतात. रावेर-यावलला केळी आणि शिंदखेड्याला बाजरी-कापूस, हा फरक समजावून सांगा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या थरातून पाणी मुरतं, त्यामुळे विहिरींना पाणी राहिलं. तापीकाठची माती खोल. उत्तर भारताच्या बाजारपेठेला जोडणारी रेल्वे जवळ. दुसरीकडे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे धुळे जिल्ह्याच्या मध्य भागात पाऊस कमी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, हे शेवटी एका ओळीत आलं तर चांगलं. पायथ्याच्या या पट्ट्यात उपसा वाढून भूजल खाली गेलंय, हेही लिहा. तपासणाऱ्याला कळतं की हा विद्यार्थी विचार करतो.

वेळेचं म्हणाल तर गुण पाहून उत्तराची लांबी ठरवा. चार गुणांच्या प्रश्नाला तीन पानं लिहून शेवटचा दहा गुणांचा प्रश्न सोडणारे दरवर्षी दिसतात. आकृती पेन्सिलनं, नावं पेनानं, उजव्या बाजूला एका ओळीत.

पायरी ७: निकाल लागल्यावर

एखादा विषय राहिला तर बॅकलॉग म्हणून तो पुन्हा देता येतो. पुढच्या वर्षात जायला किती श्रेयांक हवेत, तो नियम कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा, मित्रांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका. गुण अपेक्षेपेक्षा खूप कमी वाटले तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन हे मार्ग आहेत. प्रत्येकाला अर्जाची मुदत आणि शुल्क असतं, आणि मुदत थोडीच असते. म्हणून निकालाच्या दिवशीच परीक्षा विभागात जा. शक्य असेल तिथं आधी छायाप्रत मागवा, ती शिक्षकांना दाखवा, आणि त्यांना गुण वाढण्याची शक्यता दिसली तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा.

अंतर्गत गुण कॉलेजकडून विद्यापीठाला जातात. ते गेल्यावर बदलणं अवघड होतं. म्हणून सत्र संपण्याआधी, प्रात्यक्षिक परीक्षेच्या सुमारास, विभागात जाऊन तुमच्या नावापुढे चाचणी, स्वाध्याय आणि क्षेत्रभेट अहवालाचे गुण भरलेत का ते विचारा. एखादा रकाना रिकामा असेल तर तिथंच तारीख असलेली वही किंवा अहवाल दाखवा. जमा केलेल्या प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवण्याची सवय यासाठीच लावून घ्यायची.